कोरब्याची वीज कोणाच्या खात्यावर? राज्यांच्या ऊर्जा संक्रमणाच्या मोजमापाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

भारतातील राज्यांचे ऊर्जा संक्रमण, म्हणजे कोळशासारख्या इंधनांकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाणे, मोजणारा निर्देशांक तयार करण्याचे काम काही वर्षांपूर्वी एका छोट्या संशोधन गटाकडे आले. प्रस्तुत लेखक त्या गटात होता. काम सोपवणाऱ्या संस्थेला प्रत्येक राज्यासाठी एक गुण, त्या गुणांवरून लावलेली क्रमवारी आणि पुढे असलेली राज्ये कशामुळे पुढे गेली याचा खुलासा हवा होता. तांत्रिक साहाय्याचा निधी कोणत्या राज्यांकडे वळवायचा, हे या क्रमवारीवरून ठरणार असल्यामुळे आकड्यांचा प्रत्यक्ष परिणाम होणार होता. गट, संस्था आणि संबंधित व्यक्ती यांची ओळख येथे दिलेली नाही. राज्ये, प्रकल्प आणि नियम मात्र जसे आहेत तसेच मांडले आहेत, कारण हे प्रकरण त्यांच्या तपशिलांवाचून समजणार नाही.

संक्रमण राज्यनिहाय का मोजावे, हा प्रश्न आम्हाला सुरुवातीला विचारला गेला होता. त्याचे उत्तर भारताच्या विद्युत व्यवस्थेतच आहे. वीज हा समवर्ती सूचीतील विषय आहे. केंद्र सरकार राष्ट्रीय लक्ष्य जाहीर करते. परंतु २००३ च्या विद्युत कायद्यानुसार ग्राहकांचे दर ठरवण्याचे आणि वितरण कंपन्यांवर नवीकरणीय वीज खरेदीचे बंधन घालण्याचे अधिकार राज्य विद्युत नियामक आयोगांकडे आहेत, जमीन राज्याच्या अखत्यारीत आहे, आणि बहुतेक वितरण कंपन्याही राज्य सरकारांच्याच आहेत. त्यामुळे देशाचा एकच आकडा फारसे काही सांगत नाही. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. हे लक्ष्य २०३० साठी ठेवलेले होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. तरीही देशात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के वीज अजूनही कोळशापासून येते. या दोन्ही विधानांत विसंगती नाही. एक क्षमतेविषयी, म्हणजे प्रकल्प जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात याविषयी आहे, आणि दुसरे युनिटांविषयी, म्हणजे त्यांनी प्रत्यक्षात किती दिली याविषयी. आमच्या पहिल्या चुकीचे बीज याच फरकात होते.

या विषयावर पूर्वी काम झालेच नव्हते असे नाही. नीती आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये राज्यांचा ऊर्जा व हवामान निर्देशांक प्रसिद्ध केला होता. त्यात २७ निर्देशक होते, वितरण कंपन्यांच्या कामगिरीला सर्वाधिक भारांक (एकूण गुणातील वजन) होता, मोठ्या राज्यांत गुजरात, केरळ आणि पंजाब वर होते, तर लहान राज्यांत गोवा पहिला होता. आम्ही त्या निर्देशांकाचा आदराने अभ्यास केला आणि आपला निर्देशांक अधिक नेमका असेल, अशी खात्री मनाशी धरली. ती खात्री कामाच्या सुरुवातीला अनाठायी होती, हे आज मान्य करावे लागते.

अडचण कशी उभी राहिली

पहिला तक्ता तयार झाला तेव्हा वरच्या ओळींत हिमालयातील जलविद्युत राज्ये होती आणि तळाशी कोळशाच्या पट्ट्यातील राज्ये होती. हा निकाल सर्वांना स्वाभाविक वाटला आणि म्हणूनच तो कोणी तपासला नाही. त्यानंतर चालकांचे, म्हणजे संक्रमणाला गती देणाऱ्या कारणांचे, विश्लेषण झाले. राज्याचे दरडोई उत्पन्न, उद्योगांचा वाटा, वितरण हानी, शहरीकरण आणि धोरणाचे वय असे घटक घेऊन आम्ही प्रतिगमन विश्लेषण (कोणत्या घटकाचा निकालाशी किती संबंध आहे हे काढण्याची सांख्यिकी पद्धत) केले, तेव्हा ज्या राज्यांत उद्योगांचा वाटा कमी तिथे संक्रमण अधिक, असा निष्कर्ष निघाला. याचा शब्दशः अर्थ घेतला, तर कारखाने नसणे हाच संक्रमणाचा मार्ग ठरतो. गटातील एका सहकाऱ्याने याच टप्प्यावर शंका घेतली होती. परंतु तक्त्याची मुदत जवळ आली होती आणि शंकेची नोंद घेऊन आम्ही पुढे गेलो.

खरा अडथळा सल्लामसलतीच्या बैठकीत आला. कोळसा पट्ट्यातील एका राज्याच्या ऊर्जा विभागात दीर्घकाळ काम केलेले एक अधिकारी तिथे होते. त्यांनी क्रमवारीवर आक्षेप घेतला नाही. एवढेच विचारले, की कोरबा येथील केंद्रीय औष्णिक प्रकल्पात तयार होणारी वीज या तक्त्यात कोणाच्या खात्यावर टाकली आहे. कोरबा छत्तीसगडमध्ये आहे. त्या प्रकल्पाची वीज मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या राज्यांनाही जाते. आमच्या तक्त्यात त्या विजेचा कोळसा आणि धूर छत्तीसगडच्या नावावर होता, आणि तीच वीज वापरणारा गोवा, जिथे स्वतःचा कोळशाचा प्रकल्प नाही, स्वच्छ दिसत होता.

त्यानंतर आम्ही तक्ता उलगडून पाहिला, तेव्हा चूक एका राज्यापुरती नव्हती. दिल्लीतील बदरपूरचा औष्णिक प्रकल्प ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाला आणि उत्पादनाच्या हिशेबात दिल्ली कोळशापासून मुक्त झाली. तिच्या वापरातील विजेचा मोठा भाग मात्र शेजारच्या राज्यांतील कोळशाच्या प्रकल्पांतून येतच राहिला. केरळची स्वतःची वीज मुख्यतः जलविद्युत आहे, पण तो आपल्या गरजेचा मोठा हिस्सा बाहेरून घेतो आणि त्यात कोळशाची वीज असते. उलट दिशेनेही हाच प्रकार होता. मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाची काही वीज दिल्ली मेट्रो घेते. राजस्थानातील २,२४५ मेगावॅटच्या भडला सौर उद्यानातून राज्याबाहेरच्या वितरण कंपन्यांना वीज जाते. आमच्या तक्त्यात हे सारे श्रेय प्रकल्प उभ्या असलेल्या राज्याला मिळाले होते.

याहून गंभीर गोष्ट आकडेवारीच्या स्रोतांत सापडली. केंद्रीय विद्युत प्राधिकरण राज्यांची स्थापित क्षमता दाखवते तेव्हा केंद्रीय आणि संयुक्त प्रकल्पांतील त्या त्या राज्याला वाटप झालेला हिस्सा धरते. निर्माण झालेल्या युनिटांचे आकडे प्रकल्पाच्या ठिकाणावरून येतात. नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे राज्यवार आकडेही प्रकल्प कुठे आहे यावरूनच असतात. आम्ही नवीकरणीय क्षमतेचा वाटा काढताना वरचा आकडा मंत्रालयाकडून आणि खालचा प्राधिकरणाकडून घेतला होता. म्हणजे अंश एका हिशेबाचा आणि छेद दुसऱ्या हिशेबाचा होता. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर होते. त्यांची सांगड आम्ही चुकीची घातली होती.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय होता तो तक्ता तसाच ठेवून खाली एक टीप देण्याचा. वेळ वाचला असता. परंतु निधी वाटणारा अधिकारी टीप वाचत नाही, क्रमांक वाचतो, हे गटातील सर्वांना ठाऊक होते आणि म्हणून हा पर्याय एका बैठकीतच बाजूला पडला.

दुसरा पर्याय मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना मोजमापातून वगळण्याचा होता. त्यामागे तर्क होता. सतलज नदीवरील १,५०० मेगावॅटचा नाथपा झाकडी प्रकल्प असलेले हिमाचल प्रदेश हे राज्य गेल्या दशकात कोळशाकडून पाण्याकडे वळलेले नाही. तिथे नद्या आणि उतार आधीपासूनच होते. ज्याला संक्रमण करावेच लागले नाही, त्याला संक्रमणाचे पहिले पारितोषिक का द्यावे, असा प्रश्न होता. तरीही जलविद्युत वगळली, तर कार्बनमुक्त वीज नाकारल्यासारखे होते, आणि ती धरली तर मार्च २०१९ चा पेच समोर येतो. त्या महिन्यापर्यंत केवळ २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्प सरकारी व्याख्येनुसार नवीकरणीय मानले जात. त्यानंतर मोठ्या प्रकल्पांनाही नवीकरणीयचा दर्जा मिळाला. जो अभ्यासक सरकारी वर्गवारीचे आकडे वर्षानुवर्षे जोडत जाईल, त्याला काही डोंगरी राज्यांत एका वर्षात मोठी झेप दिसेल, जरी त्या वर्षी तिथे एकही नवे टर्बाइन बसले नसले तरी. आमच्याकडे हीच झेप धोरणाचे यश म्हणून नोंदली गेली होती.

तिसरा पर्याय होता वापराच्या बाजूने हिशेब मांडण्याचा, म्हणजे राज्यातील ग्राहकांनी वापरलेली वीज कोणत्या स्रोतांतून आली हे शोधण्याचा. हा सर्वांत न्याय्य आणि सर्वांत कष्टाचा मार्ग होता. त्यासाठी लागणारी माहिती एका ठिकाणी मिळत नाही. प्रत्येक राज्याच्या नियामक आयोगाच्या दरनिश्चिती आदेशांत वितरण कंपनीने कोणत्या प्रकल्पाकडून किती युनिट घेतले याचे परिशिष्ट असते. त्यांची मांडणी राज्यागणिक वेगळी असते आणि काही आदेश उशिराने येतात.

चौथा पर्याय म्हणजे क्रमवारीच सोडून देणे. लेखकाचा कल याकडे होता. संस्थेचा विरोध तितकाच ठाम होता, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी होती: निर्णय घेणाऱ्यांपुढे केवळ गुंतागुंत ठेवली, तर ते सवयीने आधीच्याच राज्यांना निधी देत राहतील.

केलेली कृती

अखेर तिसरा पर्याय घेतला आणि चौथ्या पर्यायाचा काही भाग त्यात मिसळला. मुदत वाढवून मागावी लागली. ती मिळाली, परंतु संस्थेने एक वर्षाची आकडेवारी कमी करण्याची अट घातली आणि आम्ही ती मान्य केली.

वापराच्या हिशेबाचे काम अपेक्षेपेक्षा अधिक शिकवणारे ठरले. दीर्घकालीन करारांची वीज तुलनेने सहज मिळत गेली, कारण तिथे प्रकल्पाचे नाव असते. केंद्रीय प्रकल्पांच्या वाटपाला ठरलेली रीत आहे. यजमान राज्याला १० टक्के मिळतात, १५ टक्के केंद्राकडे अवाटप राहतात आणि उरलेले लाभार्थी राज्यांत वाटले जातात. अडचण आली ती वीज विनिमय मंचावरून, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारातून, घेतलेल्या विजेची. तिथे विकणारा आणि घेणारा यांची प्रत्यक्ष जोडी लागत नाही. अशा विजेला त्या वर्षीच्या देशव्यापी मिश्रणाचा वाटा द्यावा, असे आम्ही ठरवले. हा निर्णय वादातीत नाही. विनिमय मंचावर दुपारी मिळणारी वीज आणि संध्याकाळी मिळणारी वीज एकाच मिश्रणाची नसते. ताशी आकडे हाती नसताना याहून प्रामाणिक गृहीतक आम्हाला सुचले नाही, आणि आम्ही ते अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिले.

दुसरी गुंतागुंत उधारीच्या विजेची होती. हिमाचल प्रदेशासारखे राज्य पावसाळ्यात नद्या भरलेल्या असताना शेजारच्या राज्यांना वीज देते आणि हिवाळ्यात पाणी आटल्यावर ती परत घेते. दिलेली वीज पाण्याची असते. परत येणारी बहुधा कोळशाची. केवळ वर्षाचे जमा-खर्च पाहिले, तर हा व्यवहार शून्य दिसतो. आम्ही दिलेले आणि घेतलेले युनिट वेगवेगळे धरले, आणि त्यामुळे जलविद्युत राज्यांच्या वापरातही कोळसा दिसू लागला. लेखकाच्या मते संपूर्ण अभ्यासातील ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती होती, कारण संक्रमणाचा पुढचा प्रश्न वार्षिक सरासरीचा नसून ऋतूंचा आणि तासांचा आहे, हे तिच्यातून समोर आले.

कारखान्यांच्या स्वतःच्या प्रकल्पांतील वीज हा तिसरा भाग. ओडिशातील अंगुल आणि झारसुगुडा या जिल्ह्यांतील ॲल्युमिनियम उद्योग स्वतःची कोळशाची वीज मोठ्या प्रमाणावर वापरतात. वितरण कंपनीच्या आदेशांत ती येत नाही. ती सोडली असती, तर ओडिशा वास्तवापेक्षा स्वच्छ दिसला असता. म्हणून ती वेगळ्या स्रोतांतून आणून जोडली.

क्षमता आणि युनिट यांचा घोळ मात्र पटकन सुटला. १,००० मेगावॅट सौर क्षमता २० टक्के भारांशाने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या सरासरी २० टक्के चालून, वर्षाला सुमारे १७५ कोटी युनिट देते आणि तेवढीच कोळशाची क्षमता ६५ टक्के भारांशाने सुमारे ५७० कोटी युनिट देते, एवढे गणित मांडल्यावर क्षमतेचा वाटा मुख्य निर्देशक म्हणून ठेवण्याचा आग्रह कोणी धरला नाही.

भारांकांचा निर्णय

निर्देशकांना किती महत्त्व द्यायचे, यावर सर्वाधिक चर्चा झाली. सुरुवातीला आम्ही एन्ट्रॉपी पद्धत वापरली होती. ज्या निर्देशकात राज्याराज्यांत फरक जास्त, त्याला भारांक जास्त, हे तिचे तत्त्व. माणसाचा कल यात येत नाही, म्हणून ती वस्तुनिष्ठ मानली जाते आणि प्रादेशिक तुलनांत ती फार लोकप्रिय आहे. आमच्या बाबतीत तिने काय केले ते पाहण्यासारखे आहे. जलविद्युतेचा वाटा काही राज्यांत जवळजवळ शंभर टक्के आणि अनेकांत नगण्य असल्यामुळे फरक प्रचंड, म्हणून भारांक प्रचंड. याउलट घरगुती विद्युतीकरण २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेनंतर जवळजवळ सर्वत्र शंभर टक्क्यांच्या आसपास पोहोचले, म्हणून फरक नाममात्र आणि भारांक जवळजवळ शून्य. म्हणजे नदी मिळाली या नशिबाला या पद्धतीने सर्वाधिक गुण दिले आणि दशकातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक प्रयत्नाला काहीच दिले नाही. सूत्रात माणसाचा कल नव्हता हे खरे. पण फरक म्हणजे महत्त्व, हे गृहीतक सूत्राच्या पोटातच होते आणि आम्ही ते न वाचता स्वीकारले होते.

सर्वांना समान भारांक देणे हा दुसरा मार्ग होता. त्यात निर्देशकांची संख्या हाच छुपा भारांक बनतो, कारण सौर ऊर्जेचे तीन निर्देशक आणि स्वयंपाकाच्या इंधनाचा एकच घेतला, की निर्णय झालेलाच असतो. आम्ही शेवटी निर्देशकांचे चार गट केले, गटांना समान भारांक दिले, आणि मग भारांक वाजवी मर्यादेत हजारो वेळा बदलून प्रत्येक राज्याचा क्रमांक किती हलतो हे पाहिले. ज्या राज्यांचे क्रमांक सतत एकमेकांत मिसळत होते, त्यांना एकाच श्रेणीत ठेवले. क्रमांकाऐवजी श्रेणी द्यायची, ही तडजोड संस्थेने याच टप्प्यावर स्वीकारली.

याच वेळी स्थिती आणि बदल हे दोन स्वतंत्र गुण केले. स्थितीच्या गुणात हिमाचल आणि सिक्कीम वर राहिले, आणि ते योग्यच होते. बदलाच्या गुणात ती राज्ये मध्यावर गेली, तर कर्नाटक, राजस्थान आणि गुजरात वर आली. मात्र स्थितीचा गुणसुद्धा कायमचा नसतो, याची आठवण ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटून आलेल्या पुरात १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले तेव्हा झाली.

चालकांचा शोध

राज्ये पुढे कशामुळे गेली, या प्रश्नावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला आणि सर्वांत कमी दावे केले. त्याची कारणे सांगितली पाहिजेत.

पहिले कारण आकडेवारीच्या लांबीचे. आंध्र प्रदेशाचे विभाजन जून २०१४ मध्ये झाले आणि त्याच्या विजेचे वाटपही तेलंगणा ५३.८९ टक्के व आंध्र ४६.११ टक्के असे झाले. त्याआधीची वर्षे जोडायची, तर दोन राज्यांचे आकडे अंदाजाने मागे न्यावे लागतात. आम्ही ते टाळले आणि मालिका २०१४-१५ पासून सुरू केली. त्यामुळे राज्ये तीसहून कमी आणि वर्षे दहाहून कमी उरली. एवढ्या लहान मालिकेत दहा-बारा कारणे वेगळी करून दाखवण्याचा आव आणणे योग्य नव्हते.

दुसरे कारण पद्धतीचे आहे. राज्यांची न बदलणारी वैशिष्ट्ये बाजूला काढणारे प्रारूप (सांख्यिकी मॉडेल) वापरले, की ऊन, वारा आणि नद्या हेही बाजूला जातात. मग तेच चालक आहेत का, हे ते प्रारूप सांगू शकत नाही. ते न वापरले, तर सगळे काही नैसर्गिक देणगीमुळेच घडले असे दिसते. मधला मार्ग म्हणून देणगी आणि घसरती किंमत यांची सांगड घातली. सौर विजेचा लिलावातील दर २०१० च्या सुमारास युनिटला दहा रुपयांहून अधिक होता. मे २०१७ मध्ये भडला येथे तो २.४४ रुपये झाला. किंमत सर्वांसाठी उतरली. पण जिथे ऊन अधिक तिथे तिचा परिणाम अधिक झाला का, हे तपासता येते. परिणाम होता, परंतु समान ऊन असलेल्या राज्यांतही मोठी तफावत उरत होती, आणि ती तफावत हाच आमच्या दृष्टीने खरा प्रश्न होता.

तिसरे कारण शेजाराविषयी आहे. प्रादेशिक अभ्यासांत एका राज्याचा शेजारच्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी सीमा जुळणाऱ्या राज्यांची सारणी वापरण्याची रीत आहे. आम्हीही तशीच सारणी बनवली होती. पण ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण देश एका वारंवारितेवर चालू लागला. त्यानंतर विजेचा शेजार नकाशावरच्या शेजारापेक्षा वेगळा झाला. गोव्याच्या सीमेला महाराष्ट्र आणि कर्नाटक आहेत, परंतु विजेच्या दृष्टीने कोरबा त्याचा शेजारी आहे. सीमेवर आधारलेली सारणी आम्ही काढून टाकली आणि खरेदी करारांवर आधारलेली नवी सारणी वापरली.

हे सारे करूनही उरलेली तफावत प्रारूपातून समजेना, तेव्हा गटाने निवडक जोड्यांचा जवळून अभ्यास करण्याचे ठरवले. त्यांतील एक जोडी विशेष बोलकी आहे. कर्नाटकातील पावगड हा तालुका नकाशावर जवळजवळ चारही बाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला आहे. तिथले ऊन, पाऊस आणि माती शेजारच्या अनंतपूर भागासारखीच आहेत. पावगड येथे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान सुमारे १३,००० एकरांवर उभे राहिले, आणि त्यासाठी जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतली गेली. पिढ्यानपिढ्या दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्याला जमिनीची मालकी न सोडता वर्षाला ठरलेले उत्पन्न मिळणार होते. त्यामुळे जमीन मिळण्याचा प्रश्न पुष्कळ सोपा झाला. मात्र ज्यांची स्वतःची जमीन नव्हती, त्या शेतमजुरांच्या हाती भाडे आले नाही आणि शेतातील कामही गेले. आमच्या कोणत्याही निर्देशकात हे दिसत नव्हते.

सीमेपलीकडे आंध्र प्रदेशातही मोठी सौर उद्याने उभी राहत होती. जुलै २०१९ मध्ये तेथील राज्य सरकारने झालेल्या पवन आणि सौर वीज खरेदी करारांच्या दरांचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने करारातील दर कायम ठेवले. मधल्या काळात नव्या प्रकल्पांचा वेग मंदावला. येथे कराराची खात्री हाच चालक आहे, असे लिहिण्याचा मोह आम्हाला झाला होता. परंतु कर्नाटकातही २०१८ नंतर वेग कमी झालेला दिसतो. तिथे ३१ मार्च २०१८ पर्यंत कार्यान्वित होणाऱ्या सौर प्रकल्पांना दहा वर्षांसाठी वहन (तारांवरून वीज नेण्याच्या) आणि संबंधित शुल्कांत सवलत होती, आणि त्या तारखेपूर्वी प्रकल्पांची अक्षरशः रीघ लागली होती. तारीख गेली, राज्यात वीज पुरेशी झाली आणि वेग ओसरला. म्हणून अहवालात आम्ही एवढेच लिहिले, की करारावरील विश्वास डळमळणे आणि सवलतीची मुदत संपणे या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या आणि हाती असलेल्या आकड्यांवरून त्यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

तमिळनाडूचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे ठरले. तिथली पवनऊर्जा पालघाट आणि आरलवायमोळी खिंडींतून येणाऱ्या वाऱ्यावर उभी आहे, हे सर्वांना माहीत असते. पण वारा शतकानुशतके वाहत होता. १९९० च्या दशकात गतिमान घसाऱ्याची, म्हणजे यंत्राची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच उत्पन्नातून वजा करू देणारी, करसवलत मिळाली, आणि कोइंबतूर परिसरातील कापड गिरण्यांना स्वतःची खात्रीची वीज हवी होती. या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पहिल्या तक्त्याने उद्योग नसणे हा चालक ठरवला होता. येथे तर उद्योगांची गरज हीच चालक होती.

निष्पत्ती

अंतिम अहवालात एकच क्रमवारी नव्हती. वापराच्या हिशेबावर आधारलेली स्थिती, दशकातील बदल आणि उपलब्ध संभाव्यतेच्या तुलनेत गाठलेला टप्पा असे तीन तक्ते श्रेणींसह दिले. दिल्ली आणि गोवा स्थितीच्या तक्त्यात खाली आले, केरळही उतरला, आणि छत्तीसगड वर सरकला, जरी तो वरच्या श्रेणीत गेला नाही. उद्योगांचा वाटा आणि संक्रमण यांचे उलटे नाते वापराच्या हिशेबात टिकले नाही.

संस्थेने निधीवाटपात पहिल्या क्रमांकांना बक्षीस देण्याची मूळ कल्पना सोडली आणि बदलाच्या तक्त्यात मागे असलेल्या, परंतु संभाव्यता मोठी असलेल्या राज्यांचा विचार केला. तथापि अहवाल उशिरा पोहोचल्याने त्या वर्षीच्या निधीचा काही भाग जुन्याच निकषांवर आधीच वाटला गेला होता. ज्या अधिकाऱ्यांच्या प्रश्नाने हे सर्व सुरू झाले, त्यांना आम्ही मसुदा पाठवला. त्यांनी खरेदीच्या परिशिष्टांतील दोन चुका दाखवल्या आणि त्या दुरुस्त केल्या गेल्या.

वेगळे काय करता आले असते

राज्यांतील जाणकारांना तक्ता तयार झाल्यावर बोलावण्याऐवजी निर्देशक ठरवताना बोलवायला हवे होते. कोरब्याविषयीचा प्रश्न पहिल्या आठवड्यात आला असता, तर कामाचा मोठा भाग पुन्हा करावा लागला नसता. सहकाऱ्याची शंका मुदतीच्या दबावाखाली नोंदवहीत राहिली, ही चूक तर पद्धतीची नव्हेच. ती कामाच्या शिस्तीची होती, आणि पुढील कामात निष्कर्ष विपरीत वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार गटातील कोणालाही असेल, असे आम्ही ठरवले.

विजेपलीकडे पाहण्यातही आम्ही कमी पडलो. देशातील अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा आहे. उरलेले इंधन वाहनांत, भट्ट्यांत आणि चुलींत जळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली, आणि कोळशाच्या पट्ट्यातील राज्ये यात बरीच मागे होती. ज्या जिल्ह्यांच्या कोळशावर देशाचे दिवे लागतात, तिथल्या घरांत लाकूड आणि कोळसा जळत राहावा, ही तफावत निर्देशांकात अधिक ठळकपणे यायला हवी होती.

राज्याची सरासरीही अपुरी आहे. कोरबा, धनबाद, अंगुल आणि सिंगरौली या जिल्ह्यांसाठी संक्रमणाचा अर्थ रायपूर किंवा भुवनेश्वर येथील अर्थापेक्षा वेगळा आहे. दुसऱ्या फेरीत आम्ही जिल्ह्यांच्या पातळीवर माहिती गोळा करू लागलो आहोत. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा (खाणींमुळे बाधित भागांसाठीच्या जिल्हा संस्थांचा) निधी, खाणींचे उर्वरित आयुष्य आणि पर्यायी रोजगार असे तीन स्तंभ त्यात आखले आहेत. पहिल्या दोन स्तंभांत आकडे येऊ लागले आहेत. रोजगाराच्या स्तंभात कायम कामगारांची संख्या भरता येते. खाणीतील कंत्राटी कामगार, कोळसा वाहणारे ट्रकचालक आणि सायकलवरून कोळसा विकणारे लोक यांच्या नोंदी एका ठिकाणी नाहीत, आणि त्या कशा मिळवायच्या यावर काम चालू आहे.